जेल रोडवरून सराफ्यापर्यंत

डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी वहिनीचा फोन आला. "भाऊजी, आता तुम्हीच सांगा तिला. आमचं काही ऐकत नाही ती." ती म्हणजे माझी पुतणी. वय तेवीस, नोकरीला लागून सहा महिने झालेले, हातात पस्तीस हजार येतात. आणि तिला घ्यायचा होता 1,34,900 रुपयांचा फोन. आयफोन 17 प्रो. दर महिन्याला साडेपाच हजारांहून थोडा जास्त हप्ता, दोन वर्षं. पगाराचा सहावा हिस्सा.

मी वहिनीला म्हटलं, समजावतो. मनातून मी समजावणाऱ्यांच्याच बाजूचा होतो. आजवर बारा-पंधरा हजारांच्या वरचा फोन मी कधी घेतलेला नाही, आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे. घरी बसून भाषण देण्यापेक्षा तिला जेल रोडला घेऊन जावं असं ठरवलं. माझ्या फोनची बॅटरी दुपारी दोनलाच मान टाकत होती आणि तिच्या फोनच्या काचेवर कोळ्याचं जाळं झालं होतं, तेव्हा निमित्तही होतं.

इंदूरबाहेर वाढलेल्या आपल्या वाचकांसाठी सांगतो: जेल रोडचं सरकारी नाव देवी अहिल्या मार्ग, पण त्या नावाने रिक्षावाल्याला सांगाल तर तो तुमच्याकडेच बघत राहील. इथे नॉव्हेल्टी मार्केट आणि डॉलर मार्केट आहे. मोबाइलचं जे जे काही असतं ते सगळं इथे. चार फुटी दुकानं, छतापासून लोंबणारी कव्हरं, काचेखाली पत्त्यांसारखे मांडलेले जुने फोन, आणि प्रत्येक दुसऱ्या दुकानात सूक्ष्मदर्शकावर वाकलेला एक मुलगा. शोरूममध्ये फोन दिसतो तो पॉलिश केलेला, मखमलीवर ठेवलेला. इथे तो उघडून पडलेला असतो. महाग फोन खरंच महाग का, हे बघायचं असेल तर शोरूमपेक्षा हीच जागा बरी असं माझं मत.

आम्ही ज्या कारागिराकडे जातो त्याचं दुकान जिन्याखाली आहे. त्याने आधी पुतणीचा फोन हातात घेतला. चार वर्षांपूर्वी अठरा हजारांना घेतलेला. उलटापालटा करून म्हणाला, "दीदी, इसका ओरिजनल डिस्प्ले अब मिलता नहीं. कॉपी डलवा दूँ?" कॉपीचे साडेतीन हजार. रंग फिके पडतील आणि बोटाचा ठसा कदाचित चालणार नाही, हेही त्याने आपणहून सांगितलं. माझ्या फोनची बॅटरी मात्र त्याच्याकडेच काय, त्या गल्लीत कुणाकडेच नव्हती. दोन दुकानं सोडून एकाने "मंगवा देंगे" म्हटलं, केव्हा ते सांगितलं नाही. माझा फोन जुना नाही हो, तीन वर्षांचा आहे. पण त्या कंपनीने तेव्हापासून इतकी मॉडेलं काढली, की प्रत्येकाचे सुटे भाग ठेवणार कोण?

"और ये?" म्हणून मी त्याच्या स्वतःच्या फोनकडे बोट दाखवलं. आयफोन 11. 2019 मध्ये बाजारात आला तेव्हा त्याची किंमत 64,900 होती. याने तेव्हाच घेतलेला, दोनदा बॅटरी बदलली, एकदा काच. या वर्षीची नवी प्रणालीसुद्धा त्यावर चालते. या फोनची बॅटरी, काच, स्पीकर, चार्जिंगचं भोक, सगळं त्याच्या खणात हजर होतं, कारण तोच फोन शहरात हजारोंच्या हातात आहे.

पुतणी काही बोलली नाही. फक्त माझ्याकडे बघून हसली.

मी मनातल्या मनात हिशेब केला. सात वर्षांत माझे तीन फोन झाले, तिन्ही मिळून चाळीस हजार. म्हणजे वर्षाला पाच हजार सातशेच्या आसपास. याचे पासष्ट हजार सहा वर्षांत, म्हणजे वर्षाला अकरा हजारांच्या जवळ, दुरुस्ती वेगळी. महाग तर आहेच. पण मी समजत होतो तसा पाचपट महाग नाही, दुप्पट. आणि त्या सात वर्षांत माझे तिन्ही फोन शेवटच्या वर्षी रडतच होते. बँकेचं ॲप उघडायला मी चहा टाकून यायचो.

यामागचं कारण कारागिराने समजावलं ते असं. फोन म्हातारा होतो तो दोन बाजूंनी. एक, बॅटरी. दुसरी बाजू दिसत नाही: कंपनी त्या फोनसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या पाठवणं थांबवते. बऱ्याच स्वस्त फोनांना दोन-तीन वर्षंच त्या मिळतात. आयफोनचं पूर्वीपासून वेगळं. 2015 च्या 6एसला 2021 पर्यंत दर वर्षी नवी प्रणाली मिळाली. अँड्रॉइडमध्ये गूगलने 2023 च्या ऑक्टोबरात पिक्सेल 8 बरोबर सात वर्षांचं वचन दिलं, सॅमसंगने 2024 च्या जानेवारीत एस24 बरोबर. तेव्हा महाग फोनाच्या किमतीत काच-धातू-कॅमेऱ्याबरोबर ही वर्षंही विकत घेतलेली असतात. ती वर्षं वापरली तर पैसे वसूल. दर दोन वर्षांनी फोन बदलणाऱ्याने ती विकत घेतली आणि कचऱ्यात टाकली.

"तू किती वर्षं वापरणार?" मी विचारलं.

"पाच तरी."

"हप्ता संपायच्या आत नवा दिसणार नाही ना?"

यावर ती गप्प. सहा महिन्यांपूर्वी तिला याच फोनच्या आधीचा हवा होता, हे मला वहिनीने सांगितलेलं होतं.

हप्त्याचा विषय निघाला तेव्हा शेजारच्या दुकानदाराने उत्साहाने सांगितलं, बिनव्याजी आहे, नो-कॉस्ट! मी आयुष्यभर बँकेच्या हिशेबातच काम केलं, त्यामुळे इथे मात्र मला बोलायचा हक्क होता. बँक फुकट पैसे देत नाही. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मनाई केली. होतं असं, की बँक व्याज लावतेच. विक्रेता किंवा कंपनी तेवढीच रक्कम सुरुवातीला सूट म्हणून देते आणि हिशेब बरोबरीला आणते. पण त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो तो आपल्या खिशातून, आणि बहुतेक वेळा प्रक्रिया शुल्कही. रक्कम मोठी नसते. शिवाय रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती आपण सोडलेली असते, ती वेगळीच. कराचंही तसंच. फोनवर 18 टक्के जीएसटी, तो किमतीत धरलेलाच असतो. 1,34,900 मधले साडेवीस हजार म्हणजे नुसता कर. हा आकडा ऐकून पुतणीचा चेहरा प्रथमच जरा उतरला. खरं सांगायचं तर कर स्वस्त फोनवरही त्याच दराने लागतो, पण मी ते लगेच सांगितलं नाही. नंतर सांगितलं.

काचेखालच्या जुन्या फोनांकडेही आम्ही बघितलं. इथे दोन गोष्टी तरुण मंडळींनी लिहून घ्याव्यात. जुना फोन घेताना आधी *#06# दाबायचं, 15 आकडी आयएमईआय येतो. मग केवायएम, एक जागा सोडून तो आकडा, असा संदेश 14422 वर पाठवायचा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथे कळतं. दूरसंचार खात्याच्या संचार साथी संकेतस्थळावरही हे बघता येतं. दुसरं, आयफोन असेल तर सेटिंग्जमधल्या अबाउटमध्ये जाऊन भागांचा इतिहास बघायचा. बॅटरी किंवा पडदा बाहेरचा बसवलेला असेल तर तिथे तसं लिहून येतं. बॅटरीची शक्ती 80 टक्क्यांच्या खाली गेली असेल तर ती बदलायचे पैसे भावातून कापून मागायचे. ॲपलच्याच सांगण्याप्रमाणे 14 पर्यंतच्या फोनांची बॅटरी 500 वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की 80 टक्क्यांवर येते, 15 पासूनच्या 1000 वेळांनी. हा फरक जुना फोन घेताना फार कामाचा.

साडेसहाला आम्ही निघालो. माझी बॅटरी मिळाली नाही. तिच्या फोनला काच न बदलता नुसती बॅटरी बसवली, बाराशे रुपये. काचेचं काय ते नंतर बघू म्हणाली. एम. जी. रोडवरून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांच्या बाजूने राजवाड्याकडे चालत आलो. नदीवर थोडं धुकं होतं. राजवाड्यावर दिवे लागले होते. सात मजल्यांचा हा वाडा, खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी, 1984 मध्ये जळला होता आणि पुन्हा उभा केला. माझ्या आईला ती आग आठवायची. राजवाड्यासमोरून जाताना दर वेळी ती तेच सांगायची आणि दर वेळी आम्ही पहिल्यांदा ऐकल्यासारखं करायचो.

सराफ्यात आलो तेव्हा पेढ्या बंद होत होत्या. सराफा रोज दोनदा उघडतो हे इंदूरकरांना सांगायला नको. दिवसा सोनं-चांदी, रात्री शटर पडलं की त्याच पायऱ्यांपुढे कढया लागतात. रात्रभर गल्ली जागती राहावी, चोरी होऊ नये, म्हणून सराफांनीच खाण्याच्या गाड्यांना बसू दिलं असं जुने लोक सांगतात. ते काही असो, त्या वेळी दोन्ही बाजार अर्धे अर्धे उघडे होते. एका पायरीवर तराजू आवरला जात होता आणि दुसऱ्या पायरीवर गराडूचे तुकडे तुपात सोडले जात होते.

आई इथूनच पाटल्या करायची. आमच्याकडे तिच्या दोन पाटल्या अजून आहेत, 1978 सालच्या. मी पुतणीला म्हणणार होतो, की बघ, आजीने जेवढ्याला घेतल्या त्याच्या किती पट आज येतील, आणि तुझा फोन पुढच्या सप्टेंबरात किती खाली येईल. हे खरंच आहे. सप्टेंबरात 17 आला त्याच दिवशी 79,900 चा आयफोन 16 कंपनीने स्वतःच 69,900 ला आणला. त्याच्या आदल्या वर्षी 15 चंही अगदी तेवढंच झालं होतं. दुकानातून बाहेर पडलेल्या फोनला तर त्याहून कमी मिळतात. दागिना मोडताना घडणावळ बुडते तेवढीच. आजकाल दागिन्यावरही सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी क्रमांक असतो, फोनच्या आयएमईआयसारखाच. तेवढं एकच साम्य.

पण मी हे बोलायच्या आधी तिने फोन काढून एक फोटो माझ्यापुढे धरला.

तो फोटो मीच काढलेला. दोन दिवाळ्यांपूर्वी, याच गल्लीत. आई हातात भुट्ट्याच्या किसाचा द्रोण धरून उभी आहे, मागे गॅसबत्तीसारखे पिवळे दिवे, आणि ती काहीतरी बोलताना हसली असावी. असावी म्हणतो, कारण चेहरा पुसल्यासारखा आहे. त्यानंतर आई बाहेर पडली नाही. फेब्रुवारीत गेली. फ्रेमसाठी फोटो शोधायला लागलो तेव्हा शेवटच्या दोन वर्षांतले सगळे असेच निघाले, संध्याकाळचे, घरातल्या ट्यूबलाइटखालचे, हललेले. फोटोवाल्याने मोठा करून बघितला आणि मान हलवली. शेवटी भाच्याच्या लग्नातला, पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो लावला. त्यात आई छान दिसते, पण ती आम्हाला शेवटी दिसायची तशी नाही.

"काका, मला झूम नको आहे, गेम खेळत नाही मी," पुतणी म्हणाली. "आई-बाबांचे फोटो असे यायला नको आहेत मला."

मला काही सुचेना. मी दोन प्लेट गराडू सांगितले.

तेवढ्यात तिची ऑफिसातली मैत्रीण भेटली. तिच्याकडे प्रोच होता, मागच्या वर्षीचा. मग आम्ही तिथेच परीक्षा घेतली. जोशींकडे दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात, ते बघायला गर्दी असतेच. द्रोण वर गेला की दोघींनी एकदम फोटो घ्यायचा, एक माझ्या फोनने, एक तिच्या. माझ्या फोनवर एक पांढरा फराटा आला, धूमकेतूसारखा. तिच्या फोनवर द्रोण हवेत थांबलेला, दह्यावरचं जीरावणसुद्धा दिसत होतं आणि उडवणाऱ्याची नजर वर लागलेली. आम्ही चार वेळा करून बघितलं. एकदाही माझा फोन जिंकला नाही.

कारण सोपं आहे. अंधारात कॅमेऱ्याला उजेड कमी मिळतो, म्हणून तो डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो. तेवढ्यात हात हलतो, समोरचा माणूसही हलतो. महाग फोनाचा उजेड टिपणारा तुकडा मोठा असतो, भिंग हात हललं तरी स्वतःला सावरतं, आणि फोन एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन त्यांतला चांगला भाग जोडतो. यासाठी प्रोसेसरही ताकदीचा लागतो. माझ्या फोनच्या पेटीवरही मेगापिक्सेलचा आकडा मोठाच लिहिला होता. त्या आकड्याचा याच्याशी फारसा संबंध नाही हे मला त्या रात्री कळलं, तेही पन्नाशी उलटल्यावर.

मैत्रिणीला मी विचारलं, समाधानी आहेस? ती म्हणाली, फोटोवर खूप. मग फोन उलटा करून दाखवला. मागची काच कोपऱ्यातून तडकलेली, वर पारदर्शक टेप. विमा घेतला नव्हता, आणि अधिकृत ठिकाणी दुरुस्तीचा खर्च ऐकून परत आली होती. अजून अकरा हप्ते बाकी. "घरी अजून माहीत नाही," एवढं म्हणून तिने कव्हर परत चढवलं. फोन पर्समध्ये ठेवताना ती दोन्ही हातांनी ठेवत होती, ते माझ्या लक्षात राहिलं. पैसे देताना क्यूआर कोड तिने आणि मी दोघांनी स्कॅन केला, आणि साठ रुपये माझ्याही फोनवरून तेवढ्याच वेळात गेले.

मालपुव्याच्या दुकानापुढे उभे राहून मग आम्ही खरं बोललो. मी कबूल केलं, की पंधरा हजारांचा फोन घेऊन आपण शहाणे ठरतो हा माझा समज अर्धाच बरोबर. तिने कबूल केलं, की तिला जे हवंय त्यासाठी प्रो लागत नाही. साध्या 16 चा मुख्य कॅमेराही रात्री चेहरा ओळखू येईल असा काढतो, आणि चाळीस हजारांच्या आसपासचे काही अँड्रॉइड फोनही. प्रोमध्ये दूरचं जवळ आणणारं भिंग आहे, व्हिडिओचं काम करणाऱ्यांच्या सोयी आहेत. ज्याचं पोट त्यावर आहे त्याने जरूर घ्यावा. आमच्या ओळखीतला एक मुलगा लग्नांचे छोटे व्हिडिओ फोनवर करून देतो, त्याचा सव्वा लाखाचा फोन एका हंगामात फिटला. पुतणीचं काम संगणकावर. तिला शोभेसाठी हवा होता का? थोडा हवा होता, हेही तिने सांगितलं. ऑफिसात टेबलावर सगळ्यांचे फोन पालथे ठेवलेले असतात आणि मागचे तीन कॅमेरे दिसतात, म्हणाली. यात मला हसण्यासारखं काही वाटलं नाही. आमच्या वेळी मनगटावर एचएमटी असायचं की नाही ते लोक बघायचेच.

सहा महिन्यांत तिचे बावन्न हजार साठलेत. एप्रिलपर्यंत थांबली तर 16 रोख येईल, किंवा तोवर काही त्याहून बरं दिसेल. बॅटरी आजच बदलली आहे, जुना फोन तेवढे दिवस काढेल. हे तिनेच ठरवलं, मी फक्त मालपुवा खात होतो. वहिनीला तिथूनच फोन लावला.

"म्हणजे सत्तर हजार?" वहिनी म्हणाली. "भाऊजी, तुम्हाला समजवायला पाठवलं होतं ना?"

मी म्हटलं, घरी येऊन सांगतो.

निघता निघता पुतणीने मला जिलेबीच्या कढईजवळ उभं केलं. तिच्या त्या तडकलेल्या काचेच्या फोनने फोटो काढायचा होता तिला. दुकानाच्या खांबाला कोपर टेकवलं, श्वास धरला. असं केलं की हात कमी हलतो, हे तिला त्या कारागिराने सांगितलं होतं म्हणे. मागून कुणीतरी "चलो भिया, चलो" म्हणत धक्का देत होतं.

"काका, हलू नका. आणि बोलू नका, तुम्ही बोलता तेव्हाच हलता."